बुजवलेली कबर

२०१८ सालचा ऑक्टोबर, म्हणजे जपमाळेचा महिना होता. राळेगाव-पांढरकवडा भागात त्या वर्षी नरभक्षक वाघिणीची दहशत होती, म्हणून संध्याकाळची जपमाळ आम्ही दिवस असतानाच आटोपून घेत असू. एके दिवशी श्रद्धावंत घरोघर परतल्यावर आम्ही मंदिराचे दार लावीत होतो, तोच एक माउली मागे रेंगाळलेली दिसली. पदराखाली तिने काही तरी झाकून आणले होते. ओसरीवर येताच तिने ते टेबलावर ठेवले आणि दोन्ही हात पदराला पुसले. ती तीन पुस्तके होती. दोन नारायण धारपांच्या कादंबऱ्या आणि एक रत्नाकर मतकरींच्या गूढकथांचा संग्रह.

"फादर, हे पुस्तकं तुमीच जाळा जी. मले तं हात लावाचीबी भीती वाटते. पोरगी रातभर हेच वाचत बसते," ती म्हणाली.

पोरगी नवव्या इयत्तेत होती. आम्ही एक पुस्तक उघडले. पहिल्याच पानावर तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचा जांभळा शिक्का होता. "बाई, ही जाळली तर वाचनालयाला भरपाई द्यावी लागेल," असे आम्ही म्हणताच ती किंचित हसली. तिला हसताना आम्ही वर्षभरात प्रथमच पाहत होतो. तिचा नवरा आदल्या वर्षी, २०१७ साली, गेला होता. कोरडवाहू पाच एकर कापूस, बँकेचे कर्ज आणि त्यावर सावकाराचे कर्ज. तो कसा गेला हे साऱ्या गावाला ठाऊक होते आणि कोणी ते उच्चारीत नव्हते. यवतमाळ जिल्ह्यातील वाचकांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, तरी असे मृत्यू थांबले नाहीत.

आम्ही पुस्तके ठेवून घेतली, मुलीशी बोलतो असे आश्वासन दिले आणि माउलीला घरी पाठविले. त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही त्यांतील एक कादंबरी वाचावयास घेतली, ती पहाटे दोनच्या सुमारास मिटली. वाचकांपुढे हे कबूल करताना आम्हाला थोडा संकोच होतो. परंतु धारपांशी आमची ओळख त्या रात्रीची नव्हती, फार जुनी होती.

१९८४ च्या सुमारास आम्ही लहान सेमिनरीत शिकत होतो. वय चौदा-पंधरा. संतांची चरित्रे, व्याकरण, फुटबॉल आणि रात्री नऊला दिवे बंद. सुटीहून परतलेल्या एका सोबत्याने धारपांची एक फाटकी कादंबरी पेटीच्या तळाशी लपवून आणली होती. ती पानापानांनी सुटलेली असल्याने आम्ही ओळीने वाचीत असू. एकाचे पान वाचून झाले की ते शेजारच्या खाटेवर सरके. पांघरुणाखाली बॅटरीचा उजेड करून वाचताना एके रात्री आम्ही सापडलो. शिक्षा अशी मिळाली की तासभर प्रार्थनामंदिरात एकट्याने गुडघे टेकून राहावे. मंदिरात काळोख होता. पवित्र साक्रामेंतापुढचा तांबडा दिवा तेवढा तेवत होता. नुकतीच वाचलेली सारी पिशाच्चे आमच्या पाठीशी उभी आहेत असे पहिली दहा मिनिटे वाटत राहिले. मग हळूहळू भीती ओसरली आणि तास संपला तेव्हा उठावेसे वाटेना. शिक्षा देणाऱ्यांना बहुधा हे अभिप्रेत नव्हते. परंतु काळोखात आपण एकटे नसतो, हे आम्ही ज्या रात्री खऱ्या अर्थाने शिकलो ती हीच.

नारायण धारप १९२५ साली जन्मले आणि २००८ साली पुण्यात वारले. मराठीतील भयकथा म्हटली की त्यांचेच नाव प्रथम ओठांवर येते. 'समर्थ' हे त्यांचे मानसपात्र अनेक वाचकांच्या घरचेच माणूस होऊन गेले. कोणावर अमानुष संकट कोसळावे, शेजारीपाजारी हतबल व्हावेत आणि मग कोणी तरी ज्ञानी, निःस्वार्थी मनुष्य त्या संकटापुढे उभा राहावा, अशी त्यांच्या अनेक कथांची घडण. परदेशी कथाबीजे घेऊन ती ते आपल्या वाड्यांत आणि आपल्या माणसांत रुजवीत. त्यांच्या 'लुचाई' या कादंबरीमागे स्टीफन किंग यांची १९७५ सालची 'सेलम्स लॉट' ही कादंबरी उभी आहे. ही पुस्तके आमच्या दारी आली त्याच ऑक्टोबरात 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला होता. १९९३ साली आपल्या विदर्भातल्याच नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची एक कथा सांगितली आणि तिने आपल्याला झपाटले, असे त्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितले आहे.

रत्नाकर मतकरींची रीत निराळी होती. त्यांच्या गूढकथेत भूत बाहेरून येण्यापेक्षा माणसाच्या मनातूनच अधिक वेळा बाहेर पडते. याच लेखकाने मुलांसाठी रंगभूमी उभारली आणि 'अलबत्त्या गलबत्त्या' लिहिले. त्यातील चेटकिणीला पाहून बालप्रेक्षकांच्या कित्येक पिढ्या किंचाळल्या आणि हसल्या. २०२० सालच्या मे महिन्यात, करोनाच्या साथीत, मतकरी गेले. मुलांना भिवविणे आणि मुलांवर प्रेम करणे या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, हे त्यांच्या जीवनकार्याकडे पाहून आम्हाला नेहमी वाटते.

इंग्रजीत या साहित्यप्रकाराला 'गॉथिक' म्हणतात. हा शब्द आपल्याला परका वाटू नये. तो आपल्या जुन्या देवमंदिरांच्या बांधणीवरून आलेला आहे. वांद्र्याच्या मोत माउलीच्या मंदिरात त्या बांधणीच्या टोकदार कमानी आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. १७६४ साली होरेस वॉलपोल यांनी 'द कॅसल ऑफ ओट्रान्टो' लिहून या प्रकाराला आरंभ केला, तेव्हापासून पडके मठ, तळघरे, थडगी आणि संन्यासी हे त्याचे नेपथ्यच होऊन बसले. १७९६ सालच्या 'द मंक' या कादंबरीत तर खलनायकच एक कॅथलिक संन्यासी आहे! उलट १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'त एक इंग्रज तरुण एका म्हाताऱ्या बाईने आग्रहाने दिलेला क्रूस आढेवेढे घेत गळ्यात घालतो आणि पुढे तोच क्रूस त्याच्या कामी येतो. आणि 'फ्रँकेन्स्टाइन'? ती कथा १८१६ साली मेरी शेलीने लिहावयास घेतली तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत तिची आई वारली होती आणि आदल्याच वर्षी तिचे पहिले तान्हे मूल गेले होते. म्हणजे जगातील सर्वांत प्रसिद्ध भयकथांपैकी एक, नुकत्याच किशोरवय ओलांडणाऱ्या एका दुःखी मुलीने लिहिली आहे. आमच्या मुली भयकथा का वाचतात याचे नवल करण्यापूर्वी आपण हे ध्यानात घ्यावे.

वर उल्लेखिलेल्या 'सेलम्स लॉट'मध्ये एक कॅथलिक धर्मगुरूही आहे. हातात क्रूस धरून तो पिशाच्चापुढे उभा राहतो तेव्हा क्रूसातून तेज निघत असते. पिशाच्च त्याला सांगते, क्रूस टाक आणि केवळ श्रद्धेच्या बळावर माझ्यासमोर ये. तो धर्मगुरू कचरतो आणि तत्क्षणी त्याच्या हातातील क्रूसाचे तेज मावळू लागते. आम्ही अनेक आध्यात्मिक साधनांना बसलो आहोत, परंतु इतका परखड प्रश्न आम्हाला क्वचितच कोणी विचारला असेल. लवकरच तो आम्हाला विचारला जाणार होता, आणि विचारणारी होती नवव्या इयत्तेतील ती मुलगी.

रविवारी मिस्सा आटोपल्यावर तिला आम्ही ओसरीवर बोलावले. शाळेतील एक धर्मभगिनीही सोबत बसल्या. पुस्तके टेबलावरच होती. ती पाहून मुलीचा चेहरा उतरला. आम्ही रागावलेलो नाही आणि एक पुस्तक आम्हीही वाचून काढले आहे, हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

"तुला भीती वाटत नाही का, बाळ?" आम्ही विचारले.

"वाटते नं, फादर. पण पुस्तकातलं भूत कोठून आलं, त्याले काय पायजे, हे शेवटी कळते. आमच्या वावरातल्याचं कोणी सांगतच नाही."

"वावरातल्याचं म्हणजे कोणाचं?"

ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी उकरीत राहिली. मग म्हणाली, "बाबाचं. लोक म्हणतात, बाबा तिथंच फिरतात. दिवस बुडाल्यावर आमच्या धुऱ्यावरून कोणी जात नाही. माय काही बोलत नाही. तुमीबी नाही बोलले."

तुमीबी नाही बोलले. खरेच, आम्ही बोललो नव्हतो. तिच्या बापाचा दफनविधी आम्हीच केला होता. लोक काय म्हणतील, घरच्यांना काय वाटेल, असा विचार करून प्रवचनात मृत्यूचे कारण आम्ही टाळले, 'देवाची इच्छा' असे दोन मोघम शब्द उच्चारले आणि थडग्यावर मूठभर माती टाकून मोकळे झालो. आम्ही जी जागा रिकामी सोडली तीत गावाने भूत आणून बसविले होते. आणि ती लेकरू वाचनालयाची पुस्तके धुंडाळीत होती, ती भुताला काय हवे असते हे जाणून घेण्यासाठी.

तिचा पुढचा प्रश्न असा होता, "फादर, असे मेलेल्याले देव घेते का?"

धर्मशास्त्राच्या परीक्षेत आम्ही या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थित लिहिले होते. १९१७ सालच्या धर्मविधान संहितेत, स्वतःचे जीवन हेतुपुरस्सर संपविणाऱ्यांना ख्रिस्ती दफनविधी नाकारला जात असे. १९८३ सालच्या नव्या संहितेतून तो उल्लेख वगळण्यात आला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथा'त ख्रिस्तसभा जीवनाचे दान टाकून देणे चूक मानते. परंतु तीव्र मानसिक व्यथा, भय आणि यातना यांनी मनुष्याची जबाबदारी कमी होते, अशा व्यक्तींच्या तारणाची आशा सोडू नये आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करीत राहावे, असेही शिकविते. हे सारे आम्हाला पाठ होते. परंतु त्या क्षणी कलमे सांगून चालणार नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो, "बाळ, तुझ्या बाबाच्या शेवटच्या घटकेला तिथे आपण कोणी नव्हतो. देव होता. त्याने तुझ्या बाबाला सोडून दिले असे म्हणण्याचा अधिकार गावात कोणालाही नाही, आम्हालाही नाही."

मग आम्ही तिला लूककृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातील प्रसंग सांगितला. आपल्या प्रभूलाही एकदा त्याच्याच माणसांनी भूत समजले होते. मरणातून उठून तो शिष्यांमध्ये येऊन उभा राहिला तेव्हा ते थरथर कापू लागले. प्रभूने त्यांना हातपाय दाखविले, खावयास काही आहे का म्हणून विचारले आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खाल्ला. ज्याच्यावर आपण प्रेम केले त्याची भीती बाळगायची नसते, हे शिष्यांनाही शिकावे लागले. मुलगी लक्षपूर्वक ऐकत होती. आम्ही विचार केला, हिला कथाच हवी आहे, तर आपल्या घरातील कथा का देऊ नये? आम्ही तिच्या हाती पवित्र शास्त्र दिले आणि तोबीतचे पुस्तक उघडून दिले.

तोबीतच्या पुस्तकात चौदा अध्याय आहेत. आपले प्रोटेस्टंट बांधव त्याला पवित्र शास्त्राच्या अधिकृत यादीत धरीत नाहीत, आपण धरतो. आणि तरीही आपण ते क्वचित उघडतो. धारपांनी लिहावी अशीच ही कथा आहे. निनवे नगरीत परागंदा जीवन जगणारा तोबीत, राजाची बंदी मोडून रात्रीच्या अंधारात बेवारस प्रेते पुरतो. तो आंधळा होतो आणि मरण मागतो. दूर एकबताना नगरीत सारा नावाची एक तरुणी आहे. तिची सात लग्ने झाली आणि सातही नवरे पहिल्याच रात्री अस्मोदियस नावाच्या पिशाच्चाने मारले. घरची दासी तिला टोचून बोलते आणि साराला जीव नकोसा होतो. परंतु म्हाताऱ्या बापाला हे दुःख सोसवणार नाही असे मनात येऊन ती थांबते आणि खिडकीशी उभी राहून प्रार्थना करते. इकडे तोबीतचा मुलगा तोबिया एका अनोळखी वाटाड्याबरोबर प्रवासाला निघतो. तो वाटाड्या म्हणजे महादूत रफाएल, हे त्याला ठाऊक नसते. तोबियाचे साराशी लग्न होते. त्या रात्री तिचा बाप रगुएल नोकरांना उठवून जावयासाठी कबर खणून ठेवतो. दासीला दिवा घेऊन पाहावयास पाठवितो, तर दोघे शांत झोपलेले असतात. मग उजाडण्यापूर्वी तो कबर बुजवून टाकावयास सांगतो.

दोन दिवसांनी मुलगी पवित्र शास्त्र परत घेऊन आली. पहिले वाक्य हे की, "फादर, ह्या गोष्टीत कुत्राबी हाये!" खरेच आहे, तोबियाबरोबर त्याचा कुत्राही चालतो, आणि इतकी वर्षे वाचूनही आम्हाला त्याचे विशेष वाटले नव्हते. मग थोडे थांबून ती म्हणाली, "साराच्या बाबानं लोक हासतील म्हणून रातीच कबर खंदली. आमच्या इथंबी तसंच हाये."

आम्ही तो अध्याय काढून पाहिला. ती म्हणत होती ते अक्षरशः तेथे होते. तोबिया मेला तर लोक आपली थट्टा करतील, म्हणून रगुएल गुपचूप कबर खणतो. पिशाच्चाइतकेच भय त्याला शेजाऱ्यांचे आहे. एवढी वर्षे आम्ही हे पुस्तक विवाहाच्या प्रवचनासाठी वापरीत आलो. आमच्या जिल्ह्यातील घराघरांत काय चालले आहे तेही त्यात लिहिलेले आहे, हे आम्हाला नवव्या इयत्तेतील मुलीकडून कळले.

२ नोव्हेंबर, म्हणजे सर्व मृत श्रद्धावंतांचा दिवस, त्या वर्षी शुक्रवारी आला. १९१५ साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी दिलेल्या सवलतीनुसार या दिवशी धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करता येतात: एक विशिष्ट हेतूसाठी, दुसरी सर्व मृतांसाठी आणि तिसरी पोपमहोदयांच्या हेतूंसाठी. आमच्याकडे घरोघरचे लोक आपल्या मृतांची नावे चिठ्ठीवर लिहून वेदीपाशी ठेवतात. आदल्या वर्षी त्या घरातून चिठ्ठी आली नव्हती आणि आम्हीही विचारले नव्हते. या वर्षी मुलीने गोल अक्षरात चिठ्ठी लिहून आणली. पहिली मिस्सा आम्ही तिच्या बापासाठी अर्पण केली, त्याचे नाव मोठ्याने उच्चारले, आणि प्रवचनात आदल्या वर्षीच्या आमच्या मौनाबद्दल त्या कुटुंबाची क्षमा मागितली. कर्जाने आणि निराशेने खचलेल्या मनुष्यावर त्याच्या मरणानंतर भूताचा आळ घेणे हे पाप आहे, असेही स्पष्ट सांगितले. पुढच्या बाकावर ती माउली मोठ्याने रडली. दोन बायका उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या.

दफनभूमीचा आशीर्वादविधी वाघिणीच्या भयाने दुपारी तीनलाच उरकला. त्याच रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या जंगलात ती टी-१, म्हणजेच अवनी वाघीण, गोळी घालून मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. तिचे दोन बछडे मागे राहिले. तिला मारणे योग्य होते की अयोग्य, यावर देशभर वाद झाला. आमच्या भागातील मजूर मात्र कित्येक महिन्यांनी निर्धास्तपणे कापूस वेचावयास गेले. पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही आठ-दहा कुटुंबे त्या माउलीच्या वावरात गेलो, वावराला आशीर्वाद दिला, बांधावर बसून भाकरी खाल्ली आणि दिवस बुडाल्यावर मुद्दाम त्याच धुऱ्यावरून परत आलो. मुलगी सर्वांत पुढे चालत होती.

दोन महिन्यांनी, ११ जानेवारी २०१९ रोजी, यवतमाळ नगरीत ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अरुणा ढेरे अध्यक्षस्थानी होत्या. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतल्याने मोठे वादळ उठले होते, आणि शेवटी उद्घाटनाचा मान वैशाली येडे यांना मिळाला. त्या आपल्याच जिल्ह्यातील, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. साहित्याच्या व्यासपीठावरून एका शेतकरी विधवेने आपले दुःख आपल्या तोंडाने सांगितले. आमच्या धर्मग्रामातील माउलीने वर्तमानपत्रातील ते छायाचित्र कापून घेतले आणि घरातल्या येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी चिकटविले. ते आजही तेथे आहे.

पुढे एका नातलगाने आम्हाला पॅट्रिक नेस यांची 'अ मॉन्स्टर कॉल्स' ही २०११ सालची किशोरांसाठीची कादंबरी पाठविली. शिवॉन डाउड या लेखिकेला ती सुचली होती. परंतु २००७ साली कर्करोगाने त्या वारल्या आणि नेस यांनी ती लिहिली. एका मुलाची आई मरणपंथाला लागली आहे आणि घरात कोणी ते त्याला सरळ सांगत नाही. रात्री चर्चच्या आवारातील झाड राक्षस होऊन त्याच्या खिडकीशी येते, तीन गोष्टी सांगते आणि चौथी गोष्ट, त्याची स्वतःची खरी गोष्ट, त्याच्याकडून मागते. ते पुस्तक मिटताना आम्हाला आमच्याच ओसरीवरचा प्रसंग आठवला.

यावर कोणी पालक विचारतील, मग मुलांच्या हाती काहीही पडू द्यावे काय? तसे आमचे म्हणणे नाही. क्रौर्याची चटक लावणारी, देहविक्रीच्या बाजारासारखी भयाचा बाजार मांडणारी पुस्तके आहेत आणि मोबाइलवर तर त्यांहून वाईट दृश्ये आहेत. पुस्तकात मूल स्वतःच्या गतीने चालते, भीती वाटली तर पान मिटते. मोबाइलवरील दृश्य त्याला ती उसंत देत नाही. आम्ही स्वतः तीन गोष्टी पाहतो. कथेत दुष्टाला दुष्ट म्हटले आहे काय? कोणी तरी कोणासाठी उभे राहते काय? आणि पुस्तक मिटल्यावर मूल आपल्याशी बोलते, की अधिक मुके होते? तिसरी कसोटी पुस्तकाची नसून आपल्या घराची आहे. मूल जेवीनासे, झोपेनासे झाले, मरणाची भाषा करू लागले, तर पुस्तकाला दोष देत बसू नये. त्याला जवळ घ्यावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य बोलता येते.

आणखी एक. कथेतील भुताने आजवर कोणाचे घर जाळलेले नाही. वस्तीतील एखाद्या बाईला चेटकीण ठरविणे, आजाऱ्याला मांत्रिकापुढे बसविणे, यांनी माणसे मेली आहेत. त्यासाठीच २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. कथेतील भूत हे कथेतील आहे, हे चौदा वर्षांच्या मुलांना कळते. आपण मोठी माणसेच कधीकधी ते विसरतो.

ती तीन पुस्तके आम्ही स्वतः वाचनालयात नेऊन दिली. मुदत टळून गेली होती, म्हणून दंडही भरला. आमचा पांढरा झगा पाहून ग्रंथपाल गृहस्थ म्हणाले, "फादर, तुम्हीसुद्धा धारप वाचता?" आम्ही होय म्हणालो आणि तिच्यासाठी आणखी एक कादंबरी घेऊन आलो.

ती मुलगी आता परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. रात्रपाळीत मरणासन्न रुग्णांजवळ बसण्याचे काम इतर मुली टाळतात, ते आपण मागून घेतो, असे तिने नाताळात आली असता सांगितले. दर नोव्हेंबरात तिची चिठ्ठी टपालाने येते. गोल अक्षरात बापाचे पूर्ण नाव लिहिलेले असते, आणि आम्ही ते वेदीवरून मोठ्याने वाचतो.